खून-मालिका आणि आमचें वाङ्मय

एकामागून एक माणसें मारीत जाणारे, आणि दोन खुनांच्या मधल्या काळांत चारचौघांसारखे वावरणारे खुनी आजच्या जगांत अजून आहेत काय, असा प्रश्न अलीकडे पुष्कळ सुशिक्षित वाचकांच्या तोंडीं ऐकूं येतो. इंग्रजींत अशा माणसास 'सीरियल किलर' म्हणतात, आणि तो शब्द आतां मराठी वर्तमानपत्रांतहि रुळला आहे. प्रश्न विचारणाऱ्याचा सूर ऐकला म्हणजे असें वाटतें कीं, रानांतल्या वाघांची शिरगणती व्हावी तशी या जातीची शिरगणती कोठें तरी झाली असेल, आणि तिचा आंकडा कळला कीं रात्रीं निश्चिंतपणें दाराला कडी लावतां येईल. हा प्रश्न पोलिसांस विचारण्यासारखा आहे खरा; परंतु आपल्या मनांत तो ज्या रूपानें उभा राहतो, तें रूप त्यास पोलिसांनीं दिलेलें नाहीं; तें पुस्तकांनीं आणि चित्रपटांनीं दिलेलें आहे. म्हणून वाङ्मयाची चर्चा करणाऱ्या मासिकानें त्याचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आंकड्यांचें उत्तर प्रथम देऊन टाकूं. या विषयाचा सर्वांत अधिक अभ्यास अमेरिकेंत झाला आहे, आणि तेथील अभ्यासकांचें मत असें कीं, १९७० ते १९९० या वीस वर्षांत अशा खुन्यांची संख्या शिगेस पोंचली व त्यानंतर ती उतरत गेली. कारणेंहि सांगितलीं जातात. रक्ताच्या थेंबावरून माणूस ओळखण्याची विद्या आली, रस्तोरस्तीं कॅमेरे बसले, शिक्षा लांबल्या, अनोळखी माणसाच्या मोटारींत बसण्याची रीत मोडली. ज्या माजी पोलिसानें कॅलिफोर्निया प्रांतांत १९७० नंतरच्या दशकांत अनेक घरें उध्वस्त केलीं, तो २०१८ सालीं म्हातारपणीं सांपडला. आणि सांपडला तो त्याच्या दूरच्या नातेवाइकांच्या वंशावळीवरून. इतकें वाचून वाचकास हायसें वाटेल. परंतु त्याच २०१८ सालीं सॅम्युअल लिटल नांवाच्या एका वृद्ध कैद्यानें तुरुंगांत बसून एकूण त्र्याण्णव खुनांची कबुली देण्यास आरंभ केला, आणि तपासणी करणाऱ्यांस असें आढळलें कीं, त्यांतील कित्येक मृत्यूंची नोंद खून म्हणून झालेलीच नव्हती. कोणाची नोंद अपघात, कोणाची मादक पदार्थांचें अतिसेवन, कोणाची कारण अज्ञात अशी होती. मेलेल्या बहुतेक स्त्रिया गरीब आणि समाजाच्या कडेस पडलेल्या होत्या. तात्पर्य, उतरलेला आंकडा हा ओळखल्या गेलेल्या खुन्यांचा आहे. न ओळखलेल्यांचा आंकडा कोणत्याहि वहींत नसतो.

येथें मूळ मुद्यास हात घालतां येतो. 'मालिका' हा शब्द शेवटाकडून आरंभाकडे पाहणाऱ्याचा शब्द आहे. मणी ओंवले जात असतां माळ कोणास दिसत नाहीं. सुटे सुटे मणी दिसतात, आणि पुष्कळदां तेहि दिसत नाहींत. कोणाचा मुलगा घर सोडून गेला, कोणाची मुलगी पळून गेली, कोणी भिकारी पदपथावर मेला. दोरा सांपडल्यावर मागाहून सर्वांस वाटतें कीं हें इतकें उघड असतां आमच्या ध्यानांत कसें आलें नाहीं! ज्या ज्या वेळीं असा माणूस खरोखर वावरत होता, त्या त्या वेळीं त्या गांवच्या लोकांस तसा कोणी आहे हें ठाऊक नव्हतें. म्हणून 'आज असे खुनी आहेत काय' या प्रश्नास जें उत्तर आज मिळेल, तें नेहमीं कालचें असतें. आमचें वाङ्मय मात्र शेवटच्या मण्यापासून आरंभ करतें आणि दोरा हातांत धरणाऱ्याच्या मुद्रेकडे टक लावून बसतें. आमची तक्रार आहे ती हीच.

पुणेकरांस उदाहरणासाठीं परगांवीं जाण्याचें कारण नाहीं. १९७६-७७ सालीं या शहरांत जें घडलें त्याची आठवण जुन्या पुणेकरांस आहे, आणि नंतरच्यांनीं ती घरांत ऐकलेली आहे. टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयांत शिकणारे राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे चार तरुण, आणि पुढें माफीचा साक्षीदार झालेला त्यांचा एक सोबती, एवढीं माणसें या प्रकरणांत होतीं. १६ जानेवारी १९७६ रोजीं त्यांनीं आपल्याच एका सहाध्यायाचा जीव घेतला. कॉलेजच्या शेजारीं हॉटेल चालविणाऱ्या गृहस्थाचा तो मुलगा. त्याला मारण्यापूर्वीं 'आपण घर सोडून जात आहों' अशा अर्थाची चिठ्ठी त्याच्याकडून लिहून घेण्यांत आली, आणि मागाहून बापाकडे पैशाची मागणी करण्यांत आली. प्रेत एका पिंपांत घालून सारसबागेजवळील पेशवे पार्कच्या तळ्यांत सोडलें होतें. तें पिंप वर्षाहून अधिक काळ त्या तळ्यांत राहिलें. सुट्टीच्या दिवशीं मुलांना घेऊन जनावरें पाहावयास येणारीं कुटुंबें त्या तळ्याच्या काठानें जात-येत होतीं, आणि एक मुलगा 'निघून गेला' असें समजलें जात होतें.

३१ ऑक्टोबर १९७६ रोजीं विजयनगर कॉलनींत जोशी कुटुंबांतील पति, पत्नी व मुलगा अशा तिघांचा त्यांच्या राहत्या घरांत खून झाला. २२ नोव्हेंबरला शंकरशेट रस्त्यावरील एका बंगल्यांत शिरण्याचा प्रयत्न झाला. घरच्या बाईनें आणि नोकरांनीं नेटानें प्रतिकार केल्यामुळें तो फसला. १ डिसेंबरच्या रात्रीं भांडारकर रस्त्यावरील 'स्मृति' बंगल्यांत अभ्यंकर कुटुंबांतील चार जण आणि त्यांच्याकडे कामास असलेली एक वृद्ध बाई, असे पांच जीव गेले. २३ मार्च १९७७ रोजीं, म्हणजे आणीबाणी उठून दोनच दिवस झाले असतां, कॉलेजांतल्याच ओळखीच्या एका विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ मारला गेला. दुसऱ्या दिवशीं त्याचें प्रेत येरवड्याकडे नदींत सांपडलें, आणि मग दोरा हातीं लागला. एकमेकांच्या जबाबांत विसंगति निघाली, आठवडाभरांत अटका झाल्या, आणि तेव्हां कोठें त्या पिंपाचा पत्ता लागला. १९७८ च्या सप्टेंबरांत सत्र न्यायालयानें फांशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयानें व सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत चौघांस फांशी देण्यांत आलें.

या तारखा आम्हीं मुद्दाम क्रमानें दिल्या आहेत. पुणें भ्यालें तें ऑक्टोबर अखेरच्या घटनेनंतर, आणि खरी दहशत बसली ती डिसेंबरांत. दिवेलागण झाली कीं रस्ते ओस पडूं लागले, घंटी वाजली तरी दार उघडेनासें झालें, जाळीचीं दारें आणि दारांतलीं भिंगें यांस मागणी आली. परंतु मालिका सुरू झाली होती ती जानेवारींत. म्हणजे साडेनऊ महिने पुणें शहर ज्यास आज आपण खून-मालिका म्हणतों तिच्या पोटांत स्वस्थपणें नांदत होतें. त्या सप्टेंबरांत कोणी एखाद्या पुणेकरास 'असे खुनी आपल्याकडे आहेत काय' असें विचारलें असतें, तर 'छे, तें विलायतेंत!' असेंच उत्तर मिळालें असतें. आणि तें उत्तर देणारा माणूस मूर्ख ठरला नसता.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. या प्रकरणास लोकांनीं नांव दिलें 'जोशी-अभ्यंकर खून खटला'. मेलीं दहा माणसें. नांवांत आलीं दोन आडनांवें. पहिला मुलगा त्या नांवांत नाहीं, शेवटचा तरुण नाहीं, आणि मालकांबरोबर मेलेली ती मोलकरीण तर अभ्यंकरांच्या आडनांवाखालीं लुप्त झाली आहे. यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं. बोलण्याच्या सोयीसाठीं भाषा असेंच करते. पण भाषेनें जें सोयीसाठीं गाळलें, तें परत भरून काढणें हें वाङ्मयाचें काम नव्हे काय? तें काम झालें कीं नाहीं, हें आतां पाहूं.

या घटनेवरील मराठींतील सर्वांत परिचित पुस्तक म्हणजे मुनव्वर शहा यानें तुरुंगांत लिहिलेलें आत्मकथन, 'येस, आय ॲम गिल्टी'. फांशीची शिक्षा झालेल्या माणसानें आपल्या अपराधाची कबुली लिहावी, ही गोष्ट सामान्य नाहीं, आणि तिच्यांतील पश्चात्ताप खरा कीं खोटा हें ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आम्हांस बोलावयाचें आहे तें कबुलीजबाब या वाङ्मयप्रकाराविषयीं. या प्रकाराची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. निजामाच्या नोकरींत असलेला, आणि पुढें नळदुर्गास कारभार पाहिलेला मेडोज टेलर यानें १८३९ सालीं ठगांच्या कबुलीची प्रसिद्ध इंग्रजी कादंबरी लिहिली. तींतला अमीर अली आपल्या तोंडानें आपली कथा सांगतो, आणि आपण सातशें एकोणीस माणसें मारलीं हें सांगतांना त्याचा स्वर बढाईचा होतो. वाचक पानामागून पान उलटतो, आणि पुस्तक मिटल्यावर त्याच्या स्मरणांत राहतो तो एकटा अमीर अली. सातशें एकोणीस ही नुसती संख्या राहते.

याचें कारण लेखकाची दुष्टता नव्हे. तें त्या प्रकाराच्या घडणींतच आहे. जो 'मी' म्हणतो त्याच्या बाजूनें वाचक नकळत उभा राहतो. त्याचें बालपण, त्याची भूक, त्याचा मत्सर, त्याची शेवटची रात्र, हें सर्व आपणांस कळतें, आणि जें कळतें त्याविषयीं कळवळा वाटतो. मेलेल्या माणसास 'मी' म्हणतां येत नाहीं. कबुलीजबाब कितीहि प्रामाणिक असला तरी त्यांत ज्यांचा जीव गेला ते खुन्याच्या आयुष्यांतील प्रसंग होऊन बसतात. शहाच्या पुस्तकाचा दोष सांगावयाचा तर एवढाच कीं, त्याच्या शेजारीं मांडावयास दुसऱ्या बाजूचें तितकें परिचित पुस्तक मराठींत नाहीं. आणि हा दोष त्याचा नव्हे, आमचा आहे.

चित्रपटांचें पाहूं. १९८६ सालीं राजदत्त यांचा 'माफीचा साक्षीदार' आला, आणि त्यांतील म्होरक्याची भूमिका नाना पाटेकर यांनीं अशा ताकदीनें केली कीं, पुष्कळांच्या मनांत जक्कलचा चेहरा आतां तोच आहे. नटाची ही थोरवीच म्हटली पाहिजे. परंतु तिचा एक परिणाम विचार करण्यासारखा आहे. ज्या चार तरुणांस कॉलेजांतले शिक्षक, मित्र, चहाच्या दुकानांतला पोऱ्या हे सर्व रोज पाहत होते आणि त्यांच्या मुद्रेंत कांहीं वावगें कोणास दिसलें नव्हतें, त्यांस चित्रपटानें असा चेहरा दिला कीं तो पाहतांच अंगावर कांटा यावा. प्रेक्षक घरीं जातांना हें शिकून जातो कीं, असा माणूस समोर आला तर आपण त्याला ओळखूं. खरी घटना नेमकें याच्या उलट सांगत होती. पुढें अनुराग कश्यप यांनीं याच प्रकरणावरून स्फूर्ति घेऊन 'पांच' हा हिंदी चित्रपट केला. परिनिरीक्षण मंडळाशीं वाद होऊन तो वर्षानुवर्षें पडद्यावर येऊं शकला नाहीं. त्याचीहि दृष्टि शीर्षकावरूनच कळते. पांच म्हणजे करणारे पांच. ज्यांचें झालें ते दहा कोठें मोजलेच नाहींत.

या दहांपैकीं एकाविषयीं येथें लिहिल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. त्यांचें नांव आम्ही घेतों, कारण तें त्यांच्या मृत्यूपूर्वींच विद्वानांच्या जगांत सार्वजनिक झालेलें होतें. इतरांचीं नांवें त्यांच्या कुटुंबियांकडेच राहूं देणें आम्हांस उचित वाटतें. काशीनाथ वासुदेव अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे थोर पंडित होते. त्यांचे वडील महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री यांनीं पतंजलीच्या महाभाष्याचें मराठी भाषांतर केलें, आणि त्याच्या प्रकाशनाशीं काशीनाथशास्त्र्यांचें नांव निगडित आहे. विष्णु प्रभाकर लिमये यांच्यासह त्यांनीं भर्तृहरीच्या वाक्यपदीयाची आवृत्ति सिद्ध केली. ती १९६५ सालीं पुणें विद्यापीठाकडून निघाली. व्याकरणांतील परिभाषांचा त्यांनीं संपादिलेला संग्रह भांडारकर संस्थेनें १९६७ सालीं छापला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत १९६१ सालीं निघालेला त्यांचा संस्कृत व्याकरणाचा इंग्रजी कोश तर जगांतील कोणत्याहि विद्यापीठांत व्याकरण शिकणारा विद्यार्थी आजहि उघडतो. या कोशाची सुधारलेली दुसरी आवृत्ति १९७७ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या पुढल्या वर्षीं, बाहेर पडली. एक एक संज्ञा घ्यावी, ती प्रथम कोणीं वापरली, पुढें तिचा अर्थ कसा पालटला, हें शोधावें आणि चार ओळींत नोंदवावें, असें हें आयुष्यभराचें काम. ज्या माणसानें कोणतीहि संज्ञा नोंदीवांचून राहूं नये म्हणून जन्म घालविला, त्याचें नांव महाराष्ट्राच्या लोकस्मृतींत एका खटल्याच्या मथळ्याचें उत्तरपद म्हणून उरावें, यापरता विपर्यास कोणता? खुन्यांनीं त्यांचा प्राण घेतला; त्यांचें आयुष्य मात्र नंतरच्या सांगणारांनीं गाळलें.

आतां आमच्याविरुद्ध एक आक्षेप येईल, आणि तो फोल नाहीं. माणूस इतका खालीं कसा उतरतो हें समजून घेणें हाच वाङ्मयाचा मोठा विषय नव्हे काय? खुन्याच्या मनांत शिरूं नये, तर मग दोस्तोव्हस्कीनें काय केलें? केलें तें अवश्य पाहावें. रास्कोल्निकोव्ह सावकारीण म्हातारीस मारावयास जातो आणि अकस्मात् समोर आलेल्या तिच्या भोळ्या बहिणीसहि मारतो. स्वतः रास्कोल्निकोव्ह त्या दुसरीचा विचार टाळतो. त्याचें तत्त्वज्ञान म्हातारीपुरतें आहे. परंतु लेखक तिला विसरूं देत नाहीं. सोन्या ज्या प्रतींतून शुभवर्तमान वाचून दाखविते ती प्रत लिझावेतानें आणून दिलेली. सोन्याजवळ असलेला क्रूसहि तिचाच. ज्या वस्तूंच्या आधारानें खुन्याचा उद्धार व्हावयाचा, त्या वस्तु मेलेलीच्या हातच्या आहेत. खुन्याच्या मनांत शिरण्यास आमचा विरोध नाहीं. आंत शिरतांना मेलेल्यांस दाराबाहेर ठेवण्यास आहे.

मुंबईच्या रामन राघवविषयीं हेंच दिसून येतें. १९६५-६६ मध्यें आणि पुन्हां १९६८ मध्यें उपनगरांतील पदपथांवर व झोपड्यांत निजलेलीं माणसें रात्रीं मारलीं गेलीं. पहिल्या फेरींत तो संशयावरून पोलिसांच्या हातीं आला होता. पुरावा नव्हता म्हणून सुटला. १९६८ च्या ऑगस्टांत पकडला गेल्यावर त्यानें अनेक खुनांची कबुली दिली. फांशीची शिक्षा झाली, तज्ज्ञांनीं त्यास असाध्य मनोरुग्ण ठरविलें, शिक्षा जन्मठेपेंत बदलली, आणि येरवड्याच्या तुरुंगांत राहून १९९५ सालीं तो पुण्याच्या ससून रुग्णालयांत वारला. त्याच्यावर चित्रपट निघाले. २०१६ चा चित्रपट तर आरंभींच सांगतो कीं ही रामन राघवची कथा नव्हे, आणि तरीहि नांव त्याचेंच घेतो. तपासाचीं सूत्रें हालविणारे रमाकांत कुलकर्णी यांनीं आपल्या इंग्रजी आठवणींत हें प्रकरण नोंदलें आहे. असें वाङ्मय आहे. परंतु त्याच्या हातून मेलेल्यांपैकीं एकाचें तरी नांव सांगा असें विचारलें तर शंभरांत एकहि वाचक सांगूं शकणार नाहीं. जो उघड्यावर निजतो त्याला जिवंतपणीं पत्ता नसतो, आणि मेल्यावर नांव राहत नाहीं. मालिका इतकी लांबण्याचें एक मोठें कारण तेंच होतें.

हें कारण पुढील प्रकरणांत अधिकच स्पष्ट होतें. गावित माय-लेकींनीं १९९० ते १९९६ या वर्षांत पुणें, कोल्हापूर, नाशिक अशा ठिकाणांहून लहान मुलें पळविलीं. जत्रेंत आणि गर्दींत चोरी करतांना पकडले गेलों तर कडेवरचें मूल पाहून लोकांस दया यावी, यासाठीं तीं मुलें हवीं होतीं; आणि निरुपयोगी झालीं कीं त्यांतील कांहींचा जीव घेतला गेला. आई खटल्यापूर्वींच तुरुंगांत वारली. मुलींस २००१ सालीं कोल्हापूरच्या न्यायालयानें फांशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं ती कायम केली, आणि दयेच्या अर्जांत झालेल्या अक्षम्य विलंबामुळें २०२२ सालीं उच्च न्यायालयानें ती जन्मठेपेंत बदलली. गोव्यांत महानंद नाईक नांवाच्या इसमास २००९ सालीं अटक झाली, आणि १९९४ पासून सोळा तरुणींस लग्नाच्या आमिषानें नेऊन मारल्याची कबुली त्यानें दिल्याचें पोलिसांनीं सांगितलें. कांहीं खटल्यांत शिक्षा झाली, कांहींत पुराव्याअभावीं तो सुटला. तेथें पंधरा वर्षें दोरा कां दिसला नाहीं? मुलगी दागिने घालून घराबाहेर पडली, ती कोणाचा तरी हात धरून गेली असेल, असें घरच्यांनीं समजावें, आणि बोभाटा नको म्हणून गप्प बसावें. खुन्याला अंधाराची गरज होती. ती आमच्या अब्रूच्या कल्पनेनें पुरविली. गावित माय-लेकींवर २०१९ सालीं 'पोशम पा' हा हिंदी चित्रपट निघाला. नांव मुलांच्या खेळाचें, पण त्याचा गाभा तुरुंगांतील माय-लेकींच्या मनाचा ठाव घेण्याचा. पुन्हां तोच रोख.

मग दुसऱ्या रीतीनें लिहितां येतें काय? येतें, आणि त्याचा उत्तम नमुना कोणत्याहि कादंबरींत नसून एका सरकारी अहवालांत आहे. इंग्लंडांत मँचेस्टरजवळ हाइड गांवीं हॅरोल्ड शिपमन नांवाचा डॉक्टर होता. घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करणारा, लोकप्रिय. त्यास २००० सालीं पंधरा रोग्यांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. त्यानंतर न्यायाधीश जेनेट स्मिथ यांच्या चौकशी-मंडळानें त्याच्या हाताखालीं मेलेल्या रोग्यांची एकेक करून तपासणी केली आणि २००२ च्या अहवालांत खुनांची संख्या दोनशें पंधरा ठरविली. त्या अहवालांत प्रत्येक मृत्यूवर वेगळा निर्णय आहे: ती बाई कोण होती, तिची प्रकृति कशी होती, त्या दिवशीं तिनें काय काय केलें, डॉक्टर किती वाजतां आला. पानेंच्या पानें अशीं. शिपमनच्या मनांत काय होतें हें त्या मंडळासहि शेवटपर्यंत नीट उकललें नाहीं, आणि तरीहि तो अहवाल वाचणाऱ्यास त्या गांवाची, त्या म्हाताऱ्यांची आणि त्यांनीं टाकलेल्या विश्वासाची जी ओळख होते ती कोणत्याहि थरारक पुस्तकानें होत नाहीं. शिवाय त्यांतून उपयोगाची गोष्टहि निघाली: मृत्यूचा दाखला एकाच डॉक्टराच्या सहीवर सोडून चालत नाहीं, दुसऱ्या कोणीं तरी मरणांची मोजदाद ठेवली पाहिजे.

आरंभींच्या प्रश्नास आतां उत्तर देतों. असे खुनी आज आहेत काय? पूर्वींपेक्षां त्यांस लपणें कठीण झालें आहे, हें खरें. जेथें माणसाच्या नाहीसें होण्याची दखल घेतली जाते तेथें फारच कठीण. परंतु जेथें हरवलेल्या माणसाची कोणी चौकशी करीत नाहीं, जेथें मुलगी गेली तर तोंड मिटून घेतलें जातें, जेथें पदपथावरचें प्रेत बेवारशी म्हणून नोंदलें कीं काम संपतें, तेथें असा माणूस नाहीं असें छातीठोकपणें कोणासहि सांगतां येणार नाहीं. आणि आहे असें सांगणाऱ्याजवळहि आज पुरावा असणार नाहीं. म्हणून जाळीच्या दाराइतकेंच, किंबहुना त्याहून अधिक, शेजारच्या घरांतलें कोण चार दिवस दिसलें नाहीं याकडे लक्ष असणें महत्त्वाचें आहे. आणि हें लक्ष देण्याची संवय लावणें कांहीं अंशीं लेखकाच्या हातीं आहे.

मराठी लेखकांस साहित्य कमी नाहीं. न्यायालयांचे निकाल छापलेले आहेत, त्या वर्षांचीं वर्तमानपत्रें ग्रंथालयांत बांधून ठेविलेलीं आहेत, आणि ज्यांनीं ते दिवस पाहिले तीं माणसें अजून आपल्यांत आहेत. म्होरक्याच्या डोळ्यांवर आणखी एक पुस्तक लिहिण्याऐवजीं, मुलानें घर सोडल्याची चिठ्ठी हातांत घेऊन चौदा महिने वाट पाहणाऱ्या बापावर कोणी तरी लिहावें. सगळें पुणें त्या वर्षीं फिरावयास जात होतें त्या तळ्याच्या काठानेंच त्या पुस्तकास आरंभ करतां येईल.